जिने चढताना त्रास होतो का?

पालकांसाठी. पांढरा कागद.
गेल्या सहा महिन्यांत तुमच्या मुलाला किंवा मुलीला पुढील गोष्टींचा किती त्रास झाला? प्रत्येक प्रश्नापुढे एकाच चौकोनात खूण करा. फार विचार करू नका.

हा आमचा आठवा फॉर्म. आधीचे सात आम्ही हॉस्पिटलच्या भिंतीला कागद टेकवून उभ्या उभ्या भरले. तेवीस प्रश्न, दोन मिनिटं.

मुलांचा फॉर्म पिवळा असतो. फॉर्मवाली ताई मुलांना खिडकीपाशी बसवते आणि आईबापांना दाराशी उभं करते, म्हणजे कुणी कुणाचं बघून लिहायला नको. आमच्याकडे कुणी बघून लिहिलं नाही. तरी दोन्ही कागद सातही वेळा जुळले.

"शंभरपैकी सत्त्याण्णव," मागच्या खेपेला ताई म्हणाली. "या मजल्यावर इतके कुणाचेच नाहीत."

"तीन कुठे गेले?" बायकोने विचारलं.

"सुईची भीती वाटते का, तिथे तिने 'क्वचित' लिहिलंय."

आम्ही तिघंही हसलो. परतताना मुलीने बसमध्ये खिडकीची जागा मागितली आणि मिळवली. पहिला नंबर आला होता ना.

फॉर्म कशासाठी भरायचा, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुलगी जन्मली तेव्हा निळसर होती. अकराव्या महिन्यात ऑपरेशन झालं. हृदयातलं भोक बुजवलं, फुफ्फुसाकडे जाणारा अरुंद रस्ता रुंद केला. तो रुंद करताना तिथली झडप कामातून गेली. ती पुढेमागे बदलावी लागणार, हेही तेव्हाच ठरलेलं. प्रश्न एवढाच, कधी. फार लवकर बदलली तर मूल वाढतं आणि झडप लहान पडते. फार उशीर झाला तर उलट गळणाऱ्या रक्ताने उजवा कप्पा ताणत जातो, आणि एका हद्दीपलीकडे गेला की परत आकसत नाही. ती हद्द मोठ्या मशीनमध्ये दिसते. मशीन एक, मुलं शेकड्यांनी. ज्या मुलाचे फॉर्मवर गुण कमी, त्याला मशीनसाठी आधी बोलावतात.

आम्हाला साडेतीन वर्षांत एकदाही बोलावलं नाही. आम्ही ते शाबासकीसारखं घेतलं.


प्रश्न १. जिने चढताना त्रास होतो का?
सात वेळा: कधीच नाही.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. चौपन्न पायऱ्या. इमारतीला लिफ्ट नाही. मी चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस तोच एक विनोद नव्याने करतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर त्यासाठी दार उघडं ठेवून बसतात.

"काय हो लिफ्टवाले, जगाला वर नेता आणि स्वतः पायी?"

"आमचीही आहे की, काकू. दोन पायांची."

"भार किती घेते?"

"सव्वीस किलो," माझ्या पाठीवरून मुलगी सांगते. "आणि दप्तर."

तिला मी सरकार म्हणतो. सरकार सकाळी खाली उतरतात, दुपारी वर जातात. दुपारची स्वारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत बसते. आधी शाळेतून तिला आणायचं, वर सोडायचं, दोन घास पोटात ढकलायचे आणि धावत कामावर.

हे कधी ठरवून सुरू केलं नाही. ती सहा वर्षांची असताना एकदा काकूंच्या दारापाशी बसली आणि म्हणाली, पाय दुखतात. मी उचलली. दुसऱ्या दिवशी ती बसायच्या आतच उचलली. तिसऱ्या दिवशी खालीच वाकलो.


प्रश्न ४. खेळताना इतर मुलांच्या मागे पडते का?
सात वेळा: कधीच नाही.

ती पंच आहे. मागच्या आवारात मुलं चेंडू घेऊन जमली की आधी हिला खुर्ची आणून देतात. ती बाद म्हणाली की बाद. एकदा एका पोराने हुज्जत घातली तर तिने त्याला तीन दिवस बाहेर बसवलं. त्याची आई भांडायला आली, तिलाही नियम समजावून परत पाठवलं.

तिच्या गळ्यात शिट्टी असायची. गेल्या वर्षी शिट्टी गेली आणि हातात लाल रुमाल आला.

"शिट्टी कुठे हरवली, सरकार?"

"हरवली नाही. रुमाल लांबून दिसतो."

"आणि पाठ करून पळणाऱ्याला?"

"बाबा, पंच मी आहे का तुम्ही?"

मी काकूंना कौतुकाने सांगितलं, बघा, डोकं कसं चालतं.


प्रश्न ९. अंघोळ, कपडे, केस विंचरणं ही कामं स्वतः करताना दमते का?
सहा वेळा: कधीच नाही. सातव्या वेळी पेन अडलं.

अडलं ते बायकोचं. तिला वाचायचा चष्मा लागतो आणि ती चष्म्याच्याच दुकानात काम करते, भिंगं घासून चौकटीत बसवते. कागद तिच्या हातात होता.

"अहो, इथे 'क्वचित' लिहू का?"

"का? काय झालं?"

"झालं काहीच नाही. पण केस मीच धुते ना आता. हात वर धरवत नाहीत तिला."

"दमली कधी?"

"दमेल कशी? मीच धुते म्हटलं ना."

"मग खोटं कशाला लिहायचं?"

तिने जरा विचार केला. आमच्या घरात खोटं कुणी लिहीत नाही. मी तर कामाच्या बाबतीत बदनाम आहे. लिफ्टच्या आत एक कार्ड लटकवलेलं असतं, महिन्याला त्यावर सात खुणा करायच्या: ब्रेक, दोर, दारं, खालचा खड्डा वगैरे. बाकीचे मेकॅनिक चहा पिता पिता सातही ओढतात. मी खड्ड्यात उतरल्याशिवाय खड्ड्यापुढे खूण करत नाही.

तिने 'कधीच नाही' वर खूण केली.


प्रश्न १२. नव्या गोष्टींबद्दल कुतूहल वाटतं का?
हा प्रश्न उलटा आहे, इथे 'नेहमी' ला जास्त गुण. नेहमी.

सुट्टीत तिला कामावर नेलं होतं. एका नव्या इमारतीची लिफ्ट चालू करून द्यायची होती. ती स्टुलावर बसली, मी आणि जोडीदार लोखंडी ठोकळे आत नेऊन रचत होतो. वीस-वीस किलोचे. चारशे ऐंशी किलो भरेपर्यंत आमचा घाम निघाला.

"माणसं बसवा ना," ती म्हणाली. "ती आपली आपण चालत जातील आत."

"आणि दोर तुटला तर?"

"मग रिकामीच चालवून बघा."

"रिकामी कुठलीही चालते, सरकार. त्यात बघायचं काय?"

तिला पटलं. घरी येऊन तिने आईला ते सगळं समजावलं, स्वतः शोधून काढल्यासारखं.


प्रश्न १५. आजारपणामुळे शाळा बुडते का?
सात वेळा: कधीच नाही. या वेळी आठ दिवस, पण आजारी मी होतो.

एका जुन्या लिफ्टचं दार उतरवताना माझ्या कमरेत असं काही सटकलं की मला चौघांनी घरी आणून टाकलं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे काही उचलायचं नाही. बायकोने एक दिवस मुलीला पाठीवर घेऊन बघितलं. पहिल्या वळणावर दोघी खाली बसल्या आणि हसत सुटल्या. मग शाळेला चिठ्ठी पाठवली. मुलगी आठ दिवस माझ्या पलंगाशी बसून पत्ते खेळली आणि मला सरळ सरळ फसवत राहिली.

नवव्या दिवशी हॉस्पिटलची तारीख होती. ती चुकवता येत नाही. खाली उतरायला काकूंच्या जावयाने मदत केली, रिक्षा थेट दाराशी आली. हॉस्पिटलमध्ये गेलो तर लिफ्टला पाटी: देखभालीसाठी बंद. आत माझ्याच ओळखीचा माणूस छतावर उभा होता.

"किती वेळ?" मी खालून ओरडलो.

"अर्धा तास धर."

अर्धा तास म्हणजे दीड, हे मला कुणी सांगायला नको. आमचा नंबर पुकारला जात होता. हृदयाचा विभाग दुसऱ्या मजल्यावर.

"चढेन मी," मुलगी म्हणाली. "दोनच तर आहेत."

ती कठड्याला धरून निघाली. मी मागे कमरेला पट्टा बांधून, बायको तिच्याही मागे फायली घेऊन. सहा पायऱ्या ती बोलत चढली. जोकर कुणी लपवला होता ते मला आत्ता सांगून टाकते, असं म्हणत होती. आठव्या पायरीवर बोलणं थांबलं. अकराव्या पायरीवर ती थांबली, वळली आणि फार सावकाश खाली बसली, जसं एखादं म्हातारं माणूस खुर्चीचा अंदाज घेत बसतं. ओठ जांभळे झाले होते. बोटांची नखंही. छाती इतकी वर-खाली होत होती की फ्रॉकचं वरचं बटण निघालं.

मी वाकायला गेलो आणि कमरेत अडकलो. वाकलेलाच राहिलो. तिचं तोंड माझ्या तोंडासमोर.

"एक मिनिट," ती म्हणाली. मला धीर देत होती.

फॉर्मवाली ताई कागदांचा गठ्ठा घेऊन खालून येत होती. ती थांबली. तिने गठ्ठा पायरीवर ठेवला, मुलीची नाडी धरली, बोटं बघितली. लोक आमच्या बाजूने वर जात होते, खाली येत होते.

"असं नेहमी होतं?" ताईने विचारलं.

"कधीच नाही," मी म्हणालो. खरं तेच सांगत होतो.

ताईने मुलीकडे बघितलं. "बाळा, जिने चढताना त्रास होतो ना तुला?"

"नाही."

"आत्ता झाला तो?"

"तो आज. एरवी नाही होत."

"एरवी किती जिने चढतेस?"

मुलीने माझ्याकडे बघितलं. प्रश्न फारच सोपा होता, त्यात काही खोच असेल असं तिला वाटलं.

"मी नाही चढत," ती म्हणाली. "बाबा चढतात."


पिवळा कागद. मुलांसाठी. (तिचा आठवा. त्याच दिवशी, खुर्चीवर बसून, ताईने शेजारी बसून भरून घेतला. चौकोनांबाहेर ताईचं बारीक अक्षर.)

धावताना दम लागतो का? कधीच नाही. — धावत नाही. शेवटचं कधी धावली ते आठवत नाही.

दप्तर उचलताना? कधीच नाही. — वडील उचलतात. शाळेत शेजारची मुलगी.

मोठ्याने बोलताना, ओरडताना, फुंकर मारताना? कधीच नाही. — शिट्टी वाजवली की डोळ्यांपुढे काळं यायचं म्हणून सोडली. आता येत नाही.

इतर मुलांपेक्षा आपण वेगळे आहोत असं वाटतं का? कधीकधी. — "कारण मी पंच आहे."

ताईने गुण काढले नाहीत. आमचा पांढरा कागद तिने मागितलाच नाही, तो कोराच घरी आला. तिने तो कागद तसाच आत मोठ्या डॉक्टरांकडे नेला. चौथ्या दिवशी मशीनसाठी फोन आला.


प्रश्न १८. डॉक्टरांशी बोलताना संकोच वाटतो का?

मोठ्या डॉक्टर पन्नाशीच्या बाई. टेबलावर एक रबराचं हृदय, उघडून दाखवता येतं असं. त्यांनी ते उघडलं नाही.

"उजवा कप्पा फार ताणला गेलाय," त्या म्हणाल्या. "आता झडप बदलली तरी तो मागे येईल असं मला वाटत नाही. आणि या अवस्थेत पुन्हा छाती उघडणं..." त्यांनी रबराचं हृदय बाजूला सरकवलं. "आम्ही पाच जणांनी बसून बघितलं. पाचही जण नको म्हणाले."

"मग कधी?" बायकोने विचारलं. "थोडी मोठी झाल्यावर?"

"नाही. ऑपरेशन आता नाही. औषधं देऊ. दर दोन महिन्यांनी बघू."

"आणि मग?"

"मग बघू."

मला एकच विचारायचं होतं. विचारायला नको, हे कळत होतं.

"आधी आलो असतो तर?"

"तुम्ही दर सहा महिन्यांनी येतच होता," डॉक्टर म्हणाल्या. त्या चांगल्या बाई आहेत. वर्ष, महिना त्यांनी काही सांगितलं नाही. पण पडद्यावर मशीनचा फोटो होता आणि त्यांची नजर त्याच्यावरून आमच्या फाईलवर गेली, जिथे सात पांढरे कागद एकाखाली एक टाचलेले होते.

निघताना त्या म्हणाल्या, "तिला उचलत जाऊ नका सारखं. जमेल तेवढं चालू दे, दमली की बसू दे. ती म्हणाली तर उचला."


प्रश्न १९. मुलाच्या आजारावरून घरात वाद होतात का?

आठ दिवस आम्ही एकमेकांशी फक्त औषधांच्या वेळा बोललो. मग एक दिवस दुपारी बायको दुकानातून लवकर आली. मुलगी शाळेत होती, सध्या काकूंचा जावई तिला सोडायचा-आणायचा. तिने चप्पलही काढली नाही.

"आज एक बाई आली. पन्नास वर्षांची. चष्मा कधी लावलाच नाही. म्हणाली, मला छान दिसतं, मुलगा उगाच घेऊन आला. मी भिंग डोळ्यासमोर धरलं. तर रडायलाच लागली. म्हणाली, झाडाला पानं सुटी सुटी दिसतात?"

"बरं."

"बरं काय? वीस वर्षं हे बघतेय मी, अहो. असा माणूस महिन्याला एक तरी येतो. आणि त्या कागदावर मीच खूण केली. माझं पेन थांबलं होतं. तुम्ही म्हणालात, खोटं कशाला लिहायचं."

"तूही 'नको' म्हणाली नाहीस."

"म्हणाले नाही. मलाही पहिला नंबरच हवा होता."

ती चपलेसकट पलंगावर बसली. मी तिच्या पायाशी बसून चपलेचे पट्टे सोडले. कंबर अजून वाकत नव्हती नीट, वेळ लागला. तिने पाय ओढून घेतला नाही. एवढंच.


प्रश्न २३. एकंदरीत, तुमची मुलगी कसं जगते आहे असं तुम्हाला वाटतं?
(खाली चार ओळी मोकळ्या.)

माझी कंबर बरी झाली त्या दिवशी शाळेतून आणताना मी सवयीने जिन्याखाली वाकलो. पाठीवर वजन आलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" मागून आवाज आला. "मी म्हटलं तर."

"मग म्हण."

"आज नाही. तुम्ही मोजा."

ती कठडा धरून चढली. मी मोजलं. अकरा. अकराव्या पायरीवर ती बसली आणि मीही शेजारी बसलो. दप्तर मांडीवर घेतलं. माझी जेवणाची सुट्टी संपत आली होती. तिचा श्वास जागेवर यायला सात मिनिटं लागली, मी घड्याळ बघितलं. वरून काकू भाजीची पिशवी घेऊन उतरत होत्या. आम्हाला बसलेलं बघून त्यांचा विनोद ओठांवर आला आणि तिथेच राहिला.

"बंद पडली का हो लिफ्ट?" मुलीनेच विचारलं, त्यांच्या आवाजात.

काकू पदर तोंडाला लावून झपाझप खाली गेल्या. उरलेल्या त्रेचाळीस पायऱ्यांना तिने आणखी पाच बैठका घेतल्या. त्या दिवशी मी पहिल्यांदा अर्धी रजा टाकली.

"हे लिहा तुमच्या कागदावर," ती दारात म्हणाली. "अकरा."

"चौकोनच आहेत फक्त. आकडा लिहायला जागा नाही."

"मग बाजूला लिहा. समासात."

म्हणून समासात लिहितो आहे. फॉर्म आज द्यायचा आहे, ताई दारात उभी आहे आणि घाई करत नाही. ती पेन्सिलीने लिहायची माझी पद्धत बघते आहे, आमच्या कार्डावर लिहितो तशी. दर सोमवारी, फक्त पहिली बैठक, प्रत्यक्ष मोजून:

अकरा.
अकरा.
दहा. (सर्दी होती.)
अकरा.
नऊ.
नऊ.
नऊ.
सात.
सात.
पाच.

परवाच्या सोमवारी ती जिन्याखाली उभी राहिली. कठड्यावर हात ठेवला. वर बघितलं. खूप वेळ बघितलं. मग दप्तर माझ्या हातात दिलं.

"बाबा," ती म्हणाली, "वाका."

प्रश्न १. जिने चढताना त्रास होतो का?
नेहमी.